महानंदाच्या तांब्याचा ताप

आमच्या गल्लीतल्या पाण्याने आजवर कोणाचं काही वाकडं केलेलं नाही. जे वाकडं झालं, ते मी पाणी मोजायला घेतल्यापासून.

मी चाकूरला राहते. एकटीच. शाळेत सातवीला विज्ञान शिकवून निवृत्त झाले, म्हणून अख्खी गल्ली मला 'बाई' म्हणते. माझं खरं नाव आता फक्त गॅसवाल्याला माहीत आहे. यजमान गेले. मुलगा संदीप हैदराबादला नोकरीला, सून आणि नाती तिथेच. घर मोठं आहे. स्वयंपाकघरात वाटी पडली तर आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत जातो, आणि मला वाटतं कोणीतरी आलं. (उठून बघतेसुद्धा. खोटं कशाला सांगू.)

एका दिवाळीला संदीप सगळ्यांना घेऊन आला आणि पाणी शुद्ध करायचं मशीन बसवून गेला. दुकानातल्या सगळ्यात मोठ्या टाकीचं त्याने निवडून घेतलं. "आई, आम्ही सगळे आलो की पाणी कमी पडायला नको," म्हणाला. भाऊबीज झाली, सगळे गेले. टाकी राहिली.

ते मशीन चालू झालं की घुर्र करतं आणि टाकी भरली की शीळ घालतं. मी एक ग्लास काढला की लगेच तेवढंच भरून घेतं आणि पुन्हा शीळ घालतं. दिवसभरात घरात माझ्याशिवाय आवाज करणारं तेवढंच, म्हणून मीही "हो रे बाबा, ऐकलं" असं उत्तर देते. टाकीतलं पाणी मात्र मी कधी ओतून दिलं नाही. लातूर जिल्ह्यातल्या बाईला पाणी ओतून दे म्हणणं म्हणजे दागिने नाल्यात टाक म्हणण्यासारखं आहे. आम्ही दुष्काळात रेल्वेने पाणी येताना पाहिलेली माणसं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं फरशीला, फरशीचं अंगणाला. आमच्या घरात शिरलेला थेंब कामं उरकल्याशिवाय बाहेर पडत नाही.

संदीपचा फोन रविवारी येतो. त्याचे विषय ठरलेले असतात.

"आई, गोळी घेतेस ना?"

"घेते."

"पाणी मशीनचंच पितेस ना?"

"त्याचंच."

"बाहेरचं कुठं पिऊ नकोस. बरं, ठेवू?"

मी "ठेव" म्हणते. आणखी काय म्हणणार?

पाण्याची त्याला एवढी काळजी, की एकदा त्याने कुरिअरने एक मीटर पाठवला. दिसायला पेनासारखा. पाण्यात टोक बुडवायचं, की पाण्यात विरघळलेले क्षार किती, त्याचा आकडा दिसतो. आकडा लहान म्हणजे पाणी हलकं, मोठा म्हणजे जड. मी मशीनच्या पाण्यात बुडवला. आकडा अगदी छोटा आला. मी फोटो काढून संदीपला पाठवला.

आता इथे एक सांगायला हवं. मी रोज सकाळी त्याला फुलांचं चित्र घालून 'शुभ सकाळ' पाठवते. त्याचं उत्तर संध्याकाळी येतं, किंवा येत नाही. या फोटोला मात्र लगेच आलं. "वा आई! मस्त!"

मग मी थांबते होय?

बोअरचं पाणी मोजलं. नळाचं मोजलं. वरणाचं वरचं पाणी मोजलं. ताकाची निवळ मोजली. महादेवाच्या देवळात तळहातावर घेतलेलं तीर्थ मोजलं (पुजारी पाठमोरे होते). चहात बुडवल्यावर तर आकडा असा उड्या मारायला लागला की मीच घाबरून चहा ओतायला निघाले. पण ओतणार कुठे, म्हणून प्यायले. प्रत्येक आकड्याचा फोटो संदीपला, आणि प्रत्येक फोटोला त्याचं उत्तर. "आई, वरणात कशाला?" हेसुद्धा उत्तरच की. गावभर मोजून घरी आले की मीटर पदराला पुसायचा, मशीनचं झाकण उघडायचं आणि सरळ टाकीत बुडवायचा. आपला छोटा आकडा बघितला की बरं वाटायचं. (ग्लासात काढून मोजलं असतं, तर त्या ग्लासभर पाण्याचं नंतर काय करायचं हा प्रश्न होता.)

आमच्या समोर महानंदा राहते. तिच्या यजमानांचं, शिवलिंगअप्पांचं, पुढे किराणा दुकान आणि मागे घर. दुकानाला लागून मोठा ओटा आहे. संध्याकाळी तिथे बायका बसतात, कोणी तूर निवडतं, कोणी शेंगा फोडतं. मीही जाऊन बसते. स्पष्टच सांगते, माझा अख्खा दिवस त्या ओट्याकडे तोंड करून चाललेला असतो. सकाळपासून मी जे जे करते ते संध्याकाळ व्हावी म्हणून करते.

आमच्याकडे कोणीही आलं की आधी तांब्या समोर येतो. कोण, कुठले, कशाला आलात, हे सगळं नंतर. त्या संध्याकाळी महानंदाने नेहमीसारखा तांब्या माझ्यासमोर ठेवला, आणि मी पर्समधून मीटर काढून त्यात बुडवला.

महानंदा बघत राहिली. "बाई, थर्मामीटर कामून घालायल्या? तांब्याला ताप हाय का?"

"ताप नाही गं. क्षार बघते."

"मंग? निगाले का?"

आकडा हजाराच्या घरात होता. मी चेहरा गंभीर केला. "महानंदा, तुझं पाणी जड आहे."

"बोअरचं हाय. जडच असनार. हलकं पानी आमच्या हंड्यानं बगितलं हाय कवा?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी एकीने आपल्या घरचं पाणी आणलं. तिच्या मागून दुसरीने आणलं. मी मोजत गेले, आणि कधी निकाल लावायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. तू पास. तू काठावर पास. तू नापास, उद्या पुन्हा घेऊन ये. बायका मला घरी बोलवायच्या, "बाई, आमच्या रांजनात बगा की जरा." निवृत्त झाल्यापासून मी इतक्या घरांत गेले नव्हते. कोणी पोहे करायचं, कोणी भजी. मी मीटर बुडवायची, मान हलवायची, भजी खायची. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

नापास झालेल्यांची संख्या वाढली तसे ते संपले. मी दिसले की बायका तांब्या पदराआड घ्यायला लागल्या. एकीने तर मी यायच्या आत स्वतःच घटाघटा पिऊन रिकामा तांब्या माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं, तिला तहान लागली असेल.

त्यातच महानंदाच्या लेकीला, अश्विनीला, बघायला उदगीरहून पाव्हणे येणार असल्याचं कळलं. स्थळ चांगलं होतं. मुलाचं कापडाचं दुकान, माणसं आपल्यातली, अप्पा चार दिवस नुसते खूश होते. महानंदा मुद्दाम माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, तुमी बसा संगं. शिकलेलं मानूस बसलं की घर भरल्यावानी दिसतं."

मी इस्त्रीची साडी नेसले. केसांना तेल लावलं. पर्स घेतली. पर्समध्ये मीटर होता, हा माझा दोष नाही. तो कायमच तिथे असायचा.

पाव्हणे आले. "शरणार्थ, शरणार्थ" असे नमस्कार झाले. मुलगा, त्याची आई, वडील आणि एक काका. उन्हातून आलेले, घामाघूम. अश्विनीने ट्रे आणला. पाण्याचे ग्लास. मुलाच्या आईने ग्लास उचलला, ओठांपर्यंत नेला.

मी शपथेवर सांगते, तेव्हा माझ्या हाताने माझं ऐकलं नाही.

"थांबा!" मी म्हटलं, आणि त्यांच्या ग्लासात मीटर बुडवला.

मीटरवरचे आकडे वर चढत होते ते माझ्या शेजारी बसलेल्या काकांनाही दिसत होते. मी तोंडाने एक शब्द काढला नाही. फक्त "च्च" केलं.

मुलाची आई ग्लास तसाच धरून म्हणाली, "पान्यात काई हाय का, अक्का?"

"घाबरण्यासारखं काही नाही," मी म्हटलं. (हे वाक्य ऐकून आजवर कोणी घाबरायचं राहिलेलं नाही, हे मला नंतर सुचलं.) "फक्त क्षार आहेत. तब्येत चांगली असेल तर काही होत नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तेवढं जपावं."

मुलाचे वडील म्हणाले, "मला झालता मुतखडा." आणि त्यांनी ग्लास खाली ठेवला.

मग काकांनी ठेवला. मग मुलाच्या आईने ठेवला. मुलाने इकडे तिकडे बघितलं आणि त्यानेही ठेवला. चहा आला, तोही त्याच पाण्याचा, हे त्यांच्या लक्षात आलं. चहाला कोणी हात लावला नाही. पोहे तेवढे खाल्ले. आता कोरडे पोहे, ते उन्हातून आलेल्या माणसाने, पाण्याशिवाय! मुलाला उचकी लागली. साधी नव्हे, अंग हलवणारी. समोर पाण्याचे भरलेले ग्लास, आणि त्यातला एकही कोणी उचलेना.

"तुमचं, हिक्, शिक्षन, हिक्, किती?" त्याने अश्विनीला विचारलं.

अश्विनी उठून आत गेली, बाहेर आली आणि त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून पुन्हा बसली. मुलगा गूळ चघळत राहिला. थोड्या वेळाने पाव्हणे उठले. "कळवतो," म्हणाले.

'कळवतो' म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. आणि घरात येऊन पाणीही न घेता गेले, म्हणजे तर सोयरीक मोडलीच. अप्पा दुकानात जाऊन उगीच साखर मोजत बसले. महानंदा भरलेले ग्लास एकेक करून उचलत होती.

"महानंदा," मी म्हटलं, "मी फक्त…"

"बाई, पाव्हनं माज्या घरातून तान्हेलंच गेलं," ती म्हणाली. बस्स, एवढंच. ओरडली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मीटर घरी ठेवून ओट्यावर गेले. बायकांनी सरकून जागा दिली. शेंगांची टोपलीही माझ्याकडे सरकवली. बोलणंचालणं नेहमीसारखंच चाललं होतं. फक्त तांब्या आला नाही. मी बराच वेळ शेंगा फोडल्या. तांब्या आला नाही. मग गुडघा दुखतोय म्हणून उठले आणि घरी आले.

त्यानंतर मी ओट्यावर गेले नाही. संध्याकाळी दार लावून बसायची. ओट्यावरचं हसणं ऐकू यायचं. मशीन शीळ घालायचं, पण मी उत्तर दिलं नाही. संदीपने विचारलं, "आई, हल्ली आकडे नाहीत?" मी म्हटलं, "मोजण्यासारखं काही राहिलं नाही." तो म्हणाला, "बरं, ठेवू?" मला फार एकटं वाटत होतं. पण हे फोनवर कसं सांगायचं, ते मला कधीच जमलेलं नाही.

गोळ्या संपल्या म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. तिथली सिस्टर वैशाली माझीच विद्यार्थिनी. रक्तदाब बघता बघता मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"बाई, त्या मीटरला फक्त क्षार कळतात," ती म्हणाली. "जंतू नाही कळत. आपल्याकडचं पाणी जड आहेच, चवीला बरं लागत नाही, भांड्यांवर पांढरं चढतं. पण जुलाब, कावीळ होते ती जंतूंनी. ते छोट्या आकड्याच्या पाण्यातसुद्धा असू शकतात."

"मी तुम्हाला शिकवलं होतं की," मी म्हटलं. "शुद्ध पाणी रंगहीन, गंधहीन, चवहीन असतं."

"हो. जंतूंचा धडा पुढचा होता. तुम्ही म्हणाला होता, तो परीक्षेला नाही."

तिने मला छोट्या बाटल्यांचा एक डबा दिला. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, उबेला ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात जंतू आहेत, ते तसंच पिऊ नये. रंग पिवळसरच राहिला तर बरं.

घरी येताना रिक्षात मला एकदम सुचलं. महानंदाच्या पाण्याची बाटली पिवळी राहिली, की ती उदगीरला पाठवायची! पाव्हण्यांना कळेल, पाणी जड असलं तरी स्वच्छ आहे. सोयरीक जुळेल. तांब्या परत येईल. मी तडक दुकानात गेले.

अप्पांनी बाटल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, आता अजून काय बुडवायचं ऱ्हायलं?"

"काही बुडवायचं नाही, अप्पा. फक्त घरातलं पाणी द्या. एकदाच."

"हे शेवटचं बगा."

"शेवटचं."

अप्पांनी शब्द टाकल्यामुळे सगळ्या घरांतून पाणी आलं. मी बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी चिकटवली, आणि शेवटी माझ्या मशीनचंही भरलं. वर्गात फळ्यावर बरोबर उत्तर लिहून ठेवतात ना, तसं. मग सगळ्या बाटल्या जुन्या गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवल्या. सांगायला विचित्र वाटेल, पण मला घरात पाव्हणे आल्यासारखं वाटत होतं. कपाटाजवळून जाताना मी "महानंदा, बरी आहेस ना?" असं विचारायची. तिथे तरी ती माझ्यावर रागावलेली नव्हती.

निकालाच्या दिवशी गोधडी काखेत मारून मी ओट्यावर गेले. बायका जमल्या. अप्पा गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. महानंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, खाली आली नाही. मी ओट्यावर गोधडी उलगडली.

पहिली बाटली पिवळी. दुसरी पिवळी. महानंदाची पिवळी! मी ती उंच धरून सगळ्यांना दाखवली. "बघा! पाणी अगदी स्वच्छ आहे! ही बाटली आपण उदगीरला पाठवायची!" पुढच्याही सगळ्या पिवळ्या. गोधडीच्या शेवटच्या घडीत एक बाटली राहिली होती. मी ती बाहेर काढली. डांबरासारखी काळी.

"ही कुनाची वो?" अप्पांनी विचारलं.

चिठ्ठी वाचायची गरज नव्हती. अक्षर माझं होतं, नावही माझं होतं.

मग एक बाई तोंडाला पदर लावून फिस्सकन हसली, आणि मग सगळा ओटा हसायला लागला. अप्पा तर डोळे पुसत होते. मीही हसले. सगळ्यांबरोबर हसायला किती दिवसांनी मिळालं होतं. पण बाकीच्या थांबल्यावर मला थांबता येईना, आणि ते हसणं भलत्या वळणावर जायला लागलं, म्हणून गोधडी उचलून घरी आले. मशीनसमोर खुर्ची घेऊन बसले आणि रडले.

दार वाजलं. मला वाटलं वाटी पडली असेल. पण पुन्हा वाजलं. महानंदा होती. हातात तांब्या, वर फुलपात्र पालथं घातलेलं.

"घ्या, पानी प्या आदी," ती म्हणाली. "उकळलेलं हाय."

"उकळलेलं? कशाला?"

"बाटलीतबी उकळलेलंच दिलं होतं की. तुमच्या परीक्षेला कच्चं पानी पाटवून अजून एकदा नापास व्हायचं का? अख्ख्या गल्लीनं उकळून दिलं. एकीला तर वाटलं उकळून भागंल का न्हाई, तिनं दोनदा उकळलं."

म्हणजे सगळ्या वर्गाने कॉपी केली होती, आणि नापास झाली ती एकटी पर्यवेक्षक! मी तांब्या हातात घेतला. पाणी कोमट होतं, जड होतं, चवीला किंचित खारट होतं. मी सगळं प्यायले.

मग महानंदाने मशीनचं झाकण उघडलं. आत बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. बुळबुळीत.

"बाई, हे किती दिसाचं पानी हाय?"

"शिळं नाही गं. मशीन रोज ताजं गाळतं."

"आन् पितं कोन?"

मी सांगायला तोंड उघडलं. संदीप, सून, नाती, असं माझ्या जिभेवर आलं होतं. त्यांच्या नावानेच तर एवढी मोठी टाकी आणली होती. ते दिवाळीपुरते राहिले आणि गेले, आणि तेव्हापासून त्या भरलेल्या टाकीतून मी एकटी घोट घोट पीत होते. संपायचं नाही, आणि ओतून द्यायला माझा हात धजायचा नाही. वर गावभरच्या तांब्यांतून, रांजणांतून, तीर्थातून फिरून आलेला मीटर रोज त्यातच बुडवत होते. माझ्याकडे कोणी येत नाही म्हणून मी झुरत होते, आणि टाकीत मात्र गल्लीतल्या प्रत्येक घरचं कोणी ना कोणी मुक्कामाला होतं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "मीच."

महानंदाने पदर खोचला, टाकीतलं पाणी बादलीत उपसलं आणि बादली अंगणात नेली. मी मागून म्हटलं, "ओतू नकोस, कढीपत्त्याला घाल." ती म्हणाली, "घालते वो बाई, घालते." मग येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली. संध्याकाळ होऊन गेली तरी बसली होती.

मशीनवाल्याने येऊन आतलं सगळं बदललं, आणि जाताना सांगून गेला की टाकी रोज रिकामी झाली पाहिजे. ही अट माझ्या एकटीच्या पोटाला झेपणारी नव्हती. म्हणून महानंदाने ओट्यावर जाहीर केलं, "बाईच्या घरी पानी प्याला जायचं. औषध समजून जायचं." तेव्हापासून बायका येतात. एकेक तांब्या पितात आणि बसतात. शेंगांची टोपलीही कधीकधी इकडेच येते.

उदगीरचा फोन आला तो नंतर. मुलाने घरी सांगितलं होतं, उचकी लागल्यावर गडबड न करता गूळ आणून देणारी मुलगी हवी. सोयरीक जुळली. ती माझ्या मीटरमुळे जुळली, असं मी दोन-तीनदा सुचवून बघितलं. कोणी मान्य करत नाही. लग्नात मी मीटर विहीणबाईंना आहेरात देऊन टाकला. त्यांनी तो तिथल्या तिथे मठ्ठ्यात बुडवला, आणि मी हळूच दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले.

संदीप म्हणाला, "आई, नवा मीटर पाठवतो." या वेळी मी "ठेव" म्हटलं नाही. म्हटलं, "मीटर नको. तुम्हीच या. टाकी मोठी आहे." तो म्हणाला, "बघतो आई." 'बघतो' म्हणजे काय, तेही आमच्याकडे कळतं. पण या वेळी त्याने "ठेवू?" विचारलं नाही, धाकट्या नातीला फोन दिला.

आता एकच अडचण आहे. गल्ली एवढी औषध घेते, की मला तहान लागते तेव्हा टाकीत थेंब नसतो. मग मी रिकामा तांब्या घेऊन समोर जाते. महानंदा दारातूनच विचारते, "बाई, मोजून देऊ का तसंच?"